दगड ओला असताना

राखोलीला, नदीच्या अलीकडे, कारखान्याच्या कुंपणाला लागून सहा क्वार्टर्स होती आणि त्यांतल्या चौथ्यात आम्ही राहत होतो. अण्णा, म्हणजे माझे वडील, त्या कारखान्यात मेंटेनन्सचे फोरमन होते. साक्रीजवळच्या आमच्या गावाहून इकडे आलो तेव्हा आईची खात्री होती की वर्षभरात परत जायचं, म्हणून तिने पाटा-वरवंटासुद्धा गावीच ठेवला होता. दोन वर्षं ती शेजारच्या हंसाबेनच्या पाट्यावर ठेचा वाटायची आणि दर खेपेला "पुढच्या महिन्यात आमचा आणतेच" म्हणायची. कारखान्यात सुताला पीळ देणारी मशीनं दिवसरात्र चालत. तो आवाज आमच्या भिंतींत होता, पाण्याच्या हंड्यात होता, झोपेतही होता आणि आम्हाला तो ऐकूच येत नसे. तो थांबला की मात्र साऱ्या क्वार्टर्समधली माणसं दारात येऊन उभी राहत. थांबणं म्हणजे काहीतरी बिघडलं, आणि बिघडलं म्हणजे अण्णांना बोलावणं येणार. घाबरायची सवय मला तिथूनच लागली असावी. आजही घरातला फ्रिज घरघर करता करता गप्प झाला तर मी उठून एकदा स्वयंपाकघरात डोकावून येते.

सहा नंबरमध्ये सबनीस वहिनी राहायच्या. त्यांचे यजमान पुण्याचे इंजिनियर, अण्णांचे साहेब. वहिनींना मूलबाळ नव्हतं, करमत नव्हतं आणि त्यांच्यापाशी एक ट्रंक भरून पुस्तकं होती. त्यांत आर्थर राजाच्या गोष्टीची दोन इंग्रजी पुस्तकं होती. गोष्ट फार जुनी, पण ही दोन्ही पुस्तकं हल्लीच्या लेखकांनी आपापल्या मनाने नव्याने सांगितलेली. एकात राजाच्या घोड्यांचा मोतद्दार सगळी हकिगत सांगे आणि त्यात जादू खच्चून भरलेली होती. दुसऱ्यात जादूचं नाव नव्हतं. त्यातल्या राजाला सर्दी व्हायची आणि त्याचे दात दुखायचे. दुपारी चारच्या सुमारास वहिनी व्हरांड्यात बसून आम्हाला ती मराठीत सांगायच्या, एक दिवस या पुस्तकातून, एक दिवस त्यातून. अण्णांनी त्यांना केबलचा एक रिकामा लाकडी ड्रम आणून दिला होता. तो चपट्या बाजूवर बसवला की चांगलं ऐसपैस गोल टेबल होई. राजाचं टेबलही गोलच होतं, म्हणजे कुणी वर नाही, कुणी खाली नाही, हे वहिनींनी पहिल्याच दिवशी समजावून सांगितलं. आईला ते फार पटलं. कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये स्टाफचं टेबल वेगळं आणि कामगारांचे बाक वेगळे होते, आणि फोरमनने नेमकं कुठे बसायचं हे अण्णांना अजून उमगलं नव्हतं.

या गोष्टीने आमच्या बायकांना अक्षरशः वेड लावलं होतं. आई कळण्याची भाकरी आणि ठेचा घेऊन यायची, हंसाबेन हांडवो आणायच्या, वहिनी चहा ठेवायच्या आणि मग भांडणं सुरू व्हायची. राजा जेवायला बसला की आई हमखास विचारायची, "पण वाढतं कोण?" हंसाबेन राणीच्या बाजूच्या. राणीचं मन राजाच्या जिवलग सरदारावर बसतं तिथे त्या डोळे पुसायच्या आणि तिचा काही दोष नाही असं म्हणायच्या, "एमां एनो शुं वांक? राजा तर घरात बसतच नाय." आईला ते मान्य नव्हतं. "राजाला तोंडाने सांगायचं ना मग," असं ती त्या दोघांवर, त्यांच्यासमोर उभी असल्यासारखी, रागावायची. सर्दीवाला राजा खरा की जादूवाला, यावरून तर दोघी दोन दिवस एकमेकींशी बोलल्या नव्हत्या आणि आईने ठेचा खलबत्त्यात कुटला होता. परवा माझ्या भाचीच्या मुलीने मला तिच्या फोनवर दाखवलं की याच राजाची नवी मालिका आली आहे आणि कुठकुठली माणसं, तिच्यात राजाची वाट लावली की नाही, यावर तावातावाने भांडत आहेत. मी म्हटलं, यात नवीन काय? तिला वाटलं, आजी थट्टा करते आहे.

त्या दिवसांत कारखान्यात नव्या शेडचं काम चालू होतं आणि देवली त्या कामावर होती. जवळच्याच पाड्यावरची, विशी-बाविशीची, तान्हं पोर पाठीशी बांधलेली. तिचा नवरा लाडक्या खडी वाहायचा आणि तिच्याकडे सिमेंटला पाणी मारायचं काम होतं. ते रात्रीही मारावं लागे, म्हणून दोघं शेडजवळच्याच खोपटात राहत. ओतलेलं काँक्रीट सात दिवस ओलं ठेवावं लागतं, नाहीतर ते तडकतं. ते काम देवली इतक्या मन लावून करायची की अण्णा घरी येऊन तिचं कौतुक करायचे, आणि अण्णा सहसा कुणाचं कौतुक करत नसत. प्यायचं पाणी भरायला ती वहिनींच्या नळावर यायची आणि कळशी भरून वाहू लागली तरी गोष्ट ऐकत उभी राहायची. वहिनी एकदा म्हणाल्या, "बस की गं, आमचं टेबल गोल आहे." देवली हसली आणि पायरीवर बसली. आम्ही कुणी सरकून जागा केली नाही, हे मला आता आठवतं. तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

दगडातली तलवार जो उपसून काढेल तो राजा, हा भाग वहिनींनी दोन्ही पुस्तकांतून सांगून झाला तेव्हा देवलीने पायरीवरून विचारलं, "बाई, काढायची गोठ सांगता, घालायची नाय सांगत. ती दगडात गेली कशी?" वहिनी गडबडल्या. एका पुस्तकात म्हाताऱ्या जादूगाराने घातली होती. दुसऱ्यात एका लोहाराने दगडाच्या साच्यात ओतली होती आणि लोकांनी पुढे त्याची कथा केली. आईचा कौल जादूगाराला गेला, हंसाबेनचा लोहाराला. देवलीला दोन्ही पटलं नाही. "दगड ओला आसंल तवा घातली आसंल," ती म्हणाली आणि कळशी उचलून निघाली. सगळ्या हसल्या. मी हसले नाही. मी तेरा वर्षांची होते आणि ते वाक्य माझ्या डोक्यात घर करून बसलं.

त्याचं कारण आमच्या खेळात होतं. क्वार्टर्समधली आम्ही मुलं संध्याकाळी ती गोष्ट खेळायचो आणि राजा नेहमी हंसाबेनचा भावेश व्हायचा, कारण बॅट त्याची होती आणि तलवार म्हणून बॅटच लागायची. मुलींनी राणी व्हायचं, नाहीतर तळ्यातून हात वर काढून तलवार देणारी ती बाई व्हायचं. मी बहुतेक वेळा ती बाई असे, म्हणजे उलट्या घमेल्याच्या मागे उकिडवं बसून एक हात वर धरायचा आणि खेळ संपेपर्यंत गप्प राहायचं. मला तलवार द्यायची नव्हती, काढायची होती. आणि अण्णांबरोबर कामावर हिंडून मला एक गोष्ट ठाऊक होती, जी भावेशला ठाऊक नव्हती. मशीनच्या पायात बोल्टसाठी खोबणी ठेवायच्या असतात, त्यासाठी ओल्या काँक्रीटमध्ये तेल फासलेल्या लाकडी पेट्या उभ्या करतात आणि दुसऱ्या दिवशी त्या अलगद उपसून काढतात. तेल असलं की दगड धरून ठेवत नाही. म्हणजे तेल लावून घातलेली तलवार जिला तेलाचं गुपित माहीत आहे तिलाच निघणार, असा मी हिशेब केला.

भंगाराच्या ढिगातून मी हातभर लांबीची लोखंडी पट्टी शोधली. एक आखूड तुकडा तिच्यावर आडवा ठेवून बांधायच्या तारेने आवळला आणि मूठ केली. फळ्यांना लावायचं काळं तेल एका डब्यात होतं, ते फडक्याने फासलं. तरी ती तलवार वाटेना, म्हणून एका वेणीची लाल रिबिन सोडून मुठीखाली बांधली. नव्या मशीनचा पाया त्याच दिवशी संध्याकाळी ओतला होता. दिवेलागणीला कामगार हातपाय धुवायला गेले तेव्हा मी कुंपणाच्या फटीतून आत शिरले आणि पायाच्या कोपऱ्यात पट्टी वीतभर खाली दाबली. दह्यात डाव जावा तशी ती गेली. देवली पलीकडे चूल पेटवत होती. तिने मला पाहिलं आणि हात हलवला. मीही हलवला. उद्या शाळेतून आले की सगळ्यांना घेऊन यायचं आणि त्यांच्यादेखत उपसायची, एवढंच माझ्या मनात होतं. त्या दिवशी अमावास्या होती. आईने सकाळीच दारावर लिंबू बदललं होतं, पण ते माझ्या लक्षात असायचं काही कारण नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शाळेची बस मला सोडून गेली तेव्हा नव्या शेडकडून कसलाच आवाज येत नव्हता. खडीचा नाही, मिक्सरचा नाही. व्हरांड्यात गोष्टही नव्हती. हंसाबेन दारात उभ्या होत्या, त्यांनी मला आत ओढलं. "एकली फरती नहीं, कुमु. पायामां कोईए मेली विद्या करी छे." नव्या पायात कुणीतरी करणी केली, असं त्या म्हणत होत्या. सकाळी गवंडी पायावर चढला, त्याने ती पट्टी पाहिली, दचकून मागे सरला आणि कट्ट्यावरून खाली पडला. मनगट मोडलं. त्यानंतर कुणी कामाला हात लावायला तयार नव्हतं. हात पसरलेल्या माणसासारखी ती लोखंडी आकृती, अंगाला काळं तेल, गळ्यात लाल चिंधी, आणि तीही अमावास्येला, कोऱ्या पायात. मी ज्या डोळ्यांनी तलवार पाहत होते त्या डोळ्यांनी ती आणखी कुणी पाहणारच नव्हतं, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं. मला वाटलं, आत्ता देवली सांगेल की मला पाहिलं होतं, आणि मग अण्णांची नोकरी जाईल. त्या दुपारी मला भीती होती ती देवलीची.

संध्याकाळी अण्णा जेवायला बसले. आईने शेवभाजी केली होती, अण्णांना सर्वांत आवडणारी, आणि ते भाकरीचा एकच तुकडा कितीतरी वेळ चावत होते. नवं मशीन परदेशातून आलेलं, साहेब स्वतः ते आणायला मुंबईला गेलेले, उद्या दुपारी ट्रेलर येणार, आणि कामगार सगळे हात बांधून बसलेले. "त्या देवलीचं नाव घेतात," अण्णा म्हणाले. "रात्री कामावर ती एकटीच असते, म्हणून. मुकादम म्हणतो, डाकीण आहे. उद्या सकाळी तिच्याकडून वदवून घेणार आहेत." आईने विचारलं, "वदवून घेणार म्हणजे?" अण्णांनी हातातली भाकरी ताटात ठेवली. मग म्हणाले, "मी काय करू? चाळीस माणसं आहेत." देवलीने माझं नाव घेतलं नव्हतं. दिवसभर तिला विचारत होते आणि तिने घेतलं नव्हतं.

सकाळी माझे केस मीच कसेबसे बांधले होते. जेवणं झाल्यावर आई माझी वेणी घालायला बसली, आणि तिचे हात थांबले. "तुनी दुसरी रिबिन कोठे शे?" आई मनापासून बोलायची तेव्हा गावचीच बोली बोलायची. मी म्हटलं, शाळेत हरवली. तिने पुन्हा विचारलं नाही. उरलेली एक रिबिन तिने गुंडाळी करून बोटांत धरली. मी पाणी प्यायचं निमित्त करून वहिनींकडे पळाले आणि त्यांना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, इतकी पुस्तकं वाचलेली बाई, ती काहीतरी मार्ग काढेल. वहिनींचा चेहरा पांढरा पडला. "हे घरी नाहीत," त्या म्हणाल्या. "आत्ता कुणाला बोलू नकोस, कुमुद. मी सांगितलेल्या गोष्टीतून झालं म्हणतील." त्यांनी दार लावून घेतलं. मी पायरीवर बसले, देवली बसायची त्याच. वहिनींवर मला पुढे कितीतरी वर्षं राग होता. आता नाही. त्याही घाबरल्या होत्या आणि घाबरलेला माणूस कसा वागतो हे मी दुसऱ्याच दिवशी स्वतः पाहिलं.

सकाळी मी शाळेच्या कपड्यांत होते, पण बसकडे गेले नाही, कुंपणाच्या फटीकडे गेले. पायाच्या भोवती माणसं गोल करून उभी होती, पण दहा-बारा हात लांब. पट्टी कोपऱ्यात तशीच होती. अख्ख्या आवारात एकाचीही तिला हात लावायची छाती नव्हती. देवलीला खाली बसवलं होतं आणि तिचं पोर कुठल्या तरी बाईच्या कडेवर रडत होतं. लाडक्याला दोघांनी दंडाला धरून ठेवलं होतं. एका घमेल्यात निखारे होते आणि शेजारी कागदावर लाल मिरच्या. मिरच्या कशाला ते मला आधी कळलं नाही. मग एकाने देवलीचे केस मुठीत धरून तिचं तोंड घमेल्याच्या वर वाकवून पाहिलं, पुरतं का ते, आणि मला कळलं. अण्णा मध्ये उभे राहून "अरे, असं नका करू, मशीन येतंय, साहेब येतायत" असं कुणाशीच नसल्यासारखं बोलत होते. मुकादम म्हणाला, "फोरमन साहब, तो आप ही निकाल दीजिए. निकालिए." अण्णा पायापाशी गेले. त्यांनी हात पुढे केला. पेट्या कशा काढतात ते त्यांनीच मला शिकवलं होतं. पट्टीपासून वीतभर अंतरावर त्यांचा हात थांबला आणि त्यांनी तो खिशात घातला. अण्णा घाबरलेले मी पहिल्यांदाच पाहिले. आयुष्यात दुसरं काहीही पाहून मला इतकं भ्यायला झालेलं नाही.

"मी ठेवली ती," मी म्हटलं. कुणाला ऐकूच गेलं नाही. मी पुन्हा म्हटलं, मोठ्याने, आणि माझा आवाज चिरकला. मुकादम हसला. "बेबी, घर जाओ." मागून एक बाई म्हणाली, "पोरीवर पण केलं हिनं. बघा, पोरीच्या तोंडून बोलवते." आणि सगळे देवलीकडे पहिल्यापेक्षा वाईट नजरेने पाहू लागले. खरं बोलले तर सुटेल अशी माझी समजूत होती. इथे खरं बोलूनच तिच्या गळ्याभोवतीचा फास मी आणखी आवळला होता. तेवढ्यात माणसं बाजूला झाली आणि आई आली. डोक्यावरून पदर, पायांत चप्पल नाही. ती कुणाकडे न पाहता पायावर चढली, मुठीतली रिबिन उलगडली आणि पट्टीवरच्या रिबिनीशेजारी धरली. दोन्हींच्या टोकांना तिनेच घातलेली निळ्या दोऱ्याची शिवण होती. "हे माझ्या पोरीचं आहे," आई म्हणाली. "तलवारीची एक गोष्ट आहे, तिच्यापायी केलं. हिला सोडा. काय बोलायचं ते मला बोला." मग माझ्याकडे वळून, हळूच, "हाई तूच करं ना?" मी मान हलवली.

कुजबूज झाली. केस धरलेला हात सुटला. मुकादमाला मात्र ते पचेना. "रखा है तो निकाले," तो म्हणाला. मी पुढे गेले. ज्या क्षणासाठी मी हे सारं केलं होतं तो समोर होता, सगळी माणसं बघत होती, भावेशसुद्धा कुंपणापाशी होता. मी दोन्ही हातांनी मूठ धरून ओढली. पट्टी हलली नाही. पाय रोवून पुन्हा ओढली. बांधलेली तार तेवढी तळहातात रुतली. तेलाचं गुपित मला माहीत होतं, पण नुसतं तेल पुरत नाही हे माहीत नव्हतं. लोक पुन्हा मागे सरकायला लागले, आणि कुणीतरी म्हणालं की आता पाया फोडावाच लागणार. अण्णांनी डोळे मिटून घेतले.

तेव्हा देवली उठली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. ती तिथून पोराला घेऊन निघून गेली असती तर त्या घटकेला तिला कुणी अडवलं नसतं, हे मी अनेकदा मनाशी घोळवलं आहे. तिने गवंड्याच्या पिशवीतला हातोडा घेतला, पायावर चढली आणि पट्टीला एका अंगाने दोनदा ठोकलं, मग दुसऱ्या अंगाने दोनदा. अगदी हलके. "पेटी काढतात तशी काढायची," ती मला म्हणाली, कामावरच्या नव्या पोरीला सांगावं तशी. "आदी सुटी करायची. मंग येते." आणि एका हाताने तिने ती उपसून काढली. तिने दुसरा हातसुद्धा लावला नाही.

देवलीने पट्टी माझ्यापुढे धरली. "घे. तुझी हाय." आणि मी मागे सरले. एकच पाऊल, पण सरले. ती पट्टी मी भंगारातून आणली होती, तेल मी लावलं होतं, रिबिन माझी होती, आणि तरीही तिने ती इतकी सहज काढलेली पाहून माझ्या मनात आलं की ही खरंच कोणीतरी आहे. देवलीने माझं पाऊल पाहिलं. ती रागावली नाही. तिचा चेहरा नुसता दमल्यासारखा झाला. आईने पुढे होऊन पट्टी घेतली आणि देवली भोकापाशी वाकून बोटाने कड चाचपू लागली. कड धड होती.

मशीन दुपारी आलं आणि पाया पक्का होईपर्यंत बाजूला उतरवून ठेवलं. अण्णांची नोकरी राहिली. साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावून जे काही ऐकवलं ते अण्णांनी आम्हाला कधी सांगितलं नाही. मला कुणी मारलं नाही आणि त्यामुळे मला बरं वाटलं नाही. देवलीला मात्र मुकादमाने त्याच दिवशी कामावरून काढलं. पट्टी कुणी ठेवली ते आता सगळ्यांना कळलं होतं, पण काढली कुणी तेही सगळ्यांनी पाहिलं होतं, आणि मोडलेल्या मनगटाचा गवंडी म्हणाला की ती असेल तिथे मी काम करणार नाही. अण्णांनी रदबदली केली. या वेळी त्यांनी ती मोठ्या आवाजात केली, पण तिचा उपयोग झाला नाही.

संध्याकाळी क्वार्टर्समधल्या बायकांनी ठरवलं की ती पट्टी घराजवळ नको, वाहत्या पाण्यात सोडायची. आई, हंसाबेन आणि मी दमणगंगेवर गेलो. वहिनी मागून आल्या. आईने हळदकुंकू वाहिलं आणि पट्टी जोरात पाण्यात फेकली. वहिनींच्या दोन्ही पुस्तकांच्या शेवटी राजाची तलवार पाण्यातच जाते, आणि एकात ती झेलायला पाण्यातून एक हात वर येतो. वहिनी तोंडाला पदर लावून रडायला लागल्या. मी पाण्याकडे बघत राहिले. एवढं सगळं होऊनही मी त्या हाताची वाट पाहिली, याची मला लाज वाटते, पण पाहिली हे खरं. हात आला नाही.

तेवढ्यात हंसाबेनने माझा दंड दाबला. पुलावरून देवली आणि लाडक्या चालले होते. तिच्या डोक्यावर पातेल्यांचं गाठोडं, पाठीला पोर. आई म्हणाली, "हाक मार तिला." मी तोंड उघडलं आणि आवाज फुटेना. तिला काय म्हणायचं होतं तेच मला ठाऊक नव्हतं, आणि ती वळून माझ्याकडे पाहील या विचारानेच मी अर्धमेली झाले होते. पण तिने आम्हाला पाहिलं होतं. ती कठड्यापाशी थांबली आणि वरून ओरडली, "ताई, त्या पायाला पानी मार. सात दिस. नायतर तडकल." आणि गाठोडं सावरून चालू लागली.

मी मारलं. शाळेतून आले की दप्तर टाकून वहिनींच्या नळावर कळशी भरायची आणि पायावर ओतायची, पुन्हा भरायची, पुन्हा ओतायची. पहिल्या दिवशी मला हसणारे भावेश आणि बाकीची मुलं तिसऱ्या दिवसापासून बघायलाही येईनाशी झाली. तो खेळ आम्ही पुन्हा खेळलो नाही आणि ड्रमभोवतीची गोष्टही तिथेच राहिली. त्या भोकात पाहायचं नाही असं ठरवून मी ओतायची, आणि रोज पाहायची. आठव्या दिवशी अण्णा माझ्याबरोबर आले. बोल्टच्या खोबणींसाठी कालवलेल्या मालातला थोडा त्यांनी थापीने त्या भोकात भरला, हाताने सारखा केला आणि मग ओणवे होऊन साऱ्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवत गेले. कुठेही तडा नव्हता. "चांगलं मारलंस पाणी," ते म्हणाले. मी म्हटलं, "देवलीचं काम होतं." अण्णांनी मान वर न करता त्याच कोपऱ्यावरून पुन्हा अंगठा फिरवला.